दादा म्हणायची, बाडो

दादा ही बाई होती. हे आधीच सांगून टाकते, कारण सोलापुरात कुणालाही तिच्याबद्दल सांगायला लागलं की ऐकणारा डोळ्यांपुढं मिशीवाला, हातात कडं घातलेला गडी आणतो आणि अर्ध्या गोष्टीत विचारतो, "मग तो दादा काय म्हणाला?" टांझानियात जी स्वाहिली भाषा बोलतात, तिच्यात दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. हे आम्हाला जायच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या वर्गातला अकलूजचा एक मुलगा. गाडीतून उतरल्या उतरल्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला 'काका' म्हणत कवटाळलं. नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं ते. "मी काका दिसतो व्हय गं?" असं तो पुढं आठवडाभर मला विचारत होता.

मला ड्रायव्हरनं सांगितलं होतं की तुला दादाकडं राहायचंय. परका मुलूख, गावात वीज नाही, आणि कुणा दादाच्या घरी मुक्काम.  समोर आली ती उंच, वाळकी, चाळिशीतली बाई. गळ्यात माप घ्यायची टेप, ओठांत टाचण्या. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, टाचण्या काढून झग्याच्या बाहीला टोचल्या आणि म्हणाली, "लई बारीक हायस की. तिकडं खायाला घालत न्हाईत का?"

आता ती असं मराठीत बोलली नाही हे उघड आहे. ती मोडकं इंग्रजी बोलायची, मीही मोडकंच, आणि दोघींचं वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं होतं, त्यामुळं जमून जायचं. पण मला ती सोलापूरजवळच्या आमच्या मंद्रूपकडच्या बायांसारखीच ऐकू यायची. तोच ठसका, समोरच्याला मधे बोलू न देण्याची तीच हातोटी. म्हणून तिचं बोलणं मी आमच्याच बोलीत सांगणार. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

आम्ही तिथं कसे पोचलो ते सांगताना अजून माझं डोकं फिरतं. मी तेव्हा सोलापुरात समाजकार्याचं शिक्षण घेत होते. शहरात एक संस्था होती, तिच्या प्रमुखांना सगळे नुसतं मॅडम म्हणायचे. त्यांचे कुणी नातेवाईक तिकडं व्यापारात होते. त्यांच्या ओळखीनं मॅडमनी डोंगरातलं हे बिनविजेचं गाव निवडलं. आम्ही दोघांनी आधी जाऊन दोन महिने राहायचं, घराघराची माहिती काढायची. शेवटी मॅडम कॅमेरावाल्याला घेऊन येणार, घराघरांत सौर दिवे वाटणार, गावच्या दवाखान्यावर मोठं सौर पॅनेल बसवणार आणि या सगळ्याची फिल्म सोलापुरात देणगीदारांना दाखवणार. निवडीच्या वेळी मी विचारलं होतं, "मॅडम, मंद्रूपच्या पलीकडं आमची वस्ती आहे. गावठाणात दिवे असतात, पण आमच्याकडं शेतीच्या लाइनीवरची वीज. ती संध्याकाळी नसतेच. तिथं का नाही हे काम?" मॅडम गोड हसल्या. "अगं, आपल्याकडं वीज सगळीकडं पोचलीय. आणि परदेशातल्या कामाचं वजन वेगळं असतं." वजन कुणाच्या अंगावर पडतं ते मला पुढं कळलं. माझी निवड झाली ती वस्तीवरची, गरीब घरची, हुशार मुलगी म्हणून. फिल्मच्या सुरुवातीला त्यांना तेही दाखवायचं होतं.

म्हणून निघण्याआधी एका संध्याकाळी कॅमेरावाला वस्तीवर आला. वीज अर्थातच नव्हती. आईनं चिमणी पेटवली. रॉकेल मिळायचं बंद झाल्यापासून ती चिमणीत डिझेल घालते. घरभर धूर होतो, डोळे चुरचुरतात, पण ताटातलं दिसतं. कॅमेरावाल्याला तो उजेड फार आवडला. त्यानं आईला पुन्हा पुन्हा चिमणी विझवून पेटवायला लावली. मग म्हणाला, "मावशी, बांगड्या वाजतायत, जरा वर सरकवा." आईनं हिरव्या बांगड्या कोपराकडं चढवल्या आणि वरून पदर घेतला. खाली उघड्या मनगटावर तिच्या लहानपणी गोंदलेली तुळस तेवढी राहिली. सवाष्ण बाईला असलं काही सांगत नाहीत, पण आईचं आपलं एकच, आलेल्या माणसाची अडचण व्हायला नको.

दादाला मी हे सगळं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिचे पाय थांबले. "म्हंजी तुज्या घरीबी वीज न्हाय?" मी म्हटलं, नाही. "मग तू हितं काय बगायला आलीस?" असं म्हणून ती इतकी हसली की शेजारीण काय झालं बघायला आली. तिला सांगितल्यावर दोघी मिळून हसल्या. हसून झाल्यावर दादानं मला दम भरला. "आनि न्हाय म्हनू नगंस. बाडो म्हन."

बाडो म्हणजे अजून नाही. तिथं लग्न झालं का विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, बाडो म्हणतात. मूलबाळ? बाडो. दात पडलेल्या एका बिनलग्नाच्या म्हाताऱ्यालाही मी लाजत लाजत बाडो म्हणताना ऐकलंय. पण दादा हा शब्द समोरच्याच्या अंगावर टाकायची. गावावरून विजेच्या मोठ्या तारा जात होत्या, डोंगरापलीकडच्या चहाच्या कारखान्याकडं. त्यांचा एक खांब दादाच्या शिवणाच्या दुकानामागंच रोवलेला होता आणि त्याला तिनं शेळी बांधलेली होती. कुणी सरकारी माणूस आला की ती त्याला चहा पाजायची, खांब दाखवायची आणि म्हणायची, "ह्येचा उपेग शेळीला झाला. मान्सांला बाडो." मला ती म्हणाली, "न्हाय म्हटलं की तेंचं काम संपतं. बाडो म्हटलं की तेंच्याकडं बाकी ऱ्हातं." आमच्या वस्तीवरूनही अशाच तारा गेल्यात. आम्ही इतकी वर्षं नुसतं नाहीच म्हणत आलो होतो.

मी तिला आमच्याकडच्या दादाचे अर्थ सांगितले. थोरला भाऊ तो दादा, आणि सगळ्या गल्लीला दमात ठेवतो तोही दादा. पहिल्या अर्थाला ती नुसती हं म्हणाली. दुसऱ्यावर मात्र बेहद्द खूश झाली, आणि तो तिला शोभतही होता. पॅनेल येणार म्हणजे दवाखान्याचं छप्पर भक्कम पाहिजे, पत्रे गंजलेले, आणि गावातले बाप्ये आज करू उद्या करू करत होते. दादानं जाहीर केलं की छप्पर होईपर्यंत ती कुठल्याही बाप्याची विजार शिवणार नाही, उसवलेली टाचणारही नाही. गावात दुसरी मशीन नव्हती. रविवारी चर्चला जाताना अध्यक्ष, म्हणजे तिथला सरपंच, उसवलेल्या विजारीवर मागून हात धरून चालायला लागला तेव्हा कुठं पत्रे बदलले गेले.

त्या पॅनेलवर तिचा एवढा जीव का, ते सांगायला हवं. दवाखान्यात एकच नर्स. संध्याकाळनंतर बाई अडली की नर्स तोंडात टॉर्च धरायची, कारण हात दोन्ही कामात. पण तोंडात टॉर्च असली की बोलता येत नाही, आणि बाळंत होणाऱ्या बाईला कुणीतरी बोलत राहायला लागतं. कळ दे, थांब, श्वास घे. मुकी नर्स बघून पहिलटकरणी घाबरायच्या. हे दादानं एकदा बघितलं आणि तेव्हापासून टॉर्च तिनं स्वतःकडं घेतली. तिला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. रक्त बघून तिला भोवळ यायची, म्हणून ती मान भिंतीकडं करून टॉर्च धरायची आणि नर्स "इकडं, इकडं" म्हणून ओरडायची. हे ती स्वतःच नक्कल करून सांगायची. "आर्दं गाव माज्या टॉर्चच्या उजेडात जन्मलंय," ती म्हणायची, "आनि माजं त्वांड भिताडाकडं. येकाचंबी पयलं रडनं मी बगितलं न्हाय, नुसतं ऐकलं." आम्ही होतो तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीला दिवस गेलेले होते. तिचं बाळंतपण तरी दिव्याखाली व्हावं आणि आपल्याला समोर तोंड करून उभं राहता यावं, एवढं दादाच्या मनात होतं.

डोंगरात थंडी मरणाची. मी तिच्यासाठी इथून चादर नेली होती, लाल, मोर विणलेली, सोलापुरी. तिनं ती उलगडली, उजेडात धरली, वीण बघितली आणि माझ्यादेखत कात्री घातली. मी किंचाळायची बाकी होते. आमच्याकडं ती चादर आलेल्या-गेलेल्यांसाठी वर्षानुवर्षं घडीत ठेवतात. दोन दिवसांत तिनं तिचा अंगभर कोट शिवला, मोर बरोबर पाठीच्या मधोमध. "चादर घेतली तर मी फकस्त झोपल्यावर ऊब," ती म्हणाली, "कोट केला तर काम करतानाबी." गावात तिच्यामागून चालणाऱ्या पोरांना मोर बघायला मिळायचा. मला आधी राग आला होता, पण नंतर मीही मुद्दाम मागूनच चालायला लागले.

आता मॅडम आल्या ते सांगते.

त्या येणार म्हणून दादा आठवडाभर मशीनवरून उठली नव्हती. गावातल्या सगळ्या लहान पोरांना तिनं नवे कपडे शिवले. पिवळे सदरे, निळ्या चड्ड्या, मुलींना निळे झगे. कापड गावानं मिळून आणलेलं. दुकान शेणामातीनं सारवून घेतलं. तिच्याकडं मोटारीची एक जुनी बॅटरी होती, त्यावर एक बल्ब आणि रेडिओ चालायचा. ती बॅटरी सायकलवर बांधून बाजारच्या गावाहून भरून आणली, पाहुण्यांना गाणी ऐकवायला. दुपारी गाडी आली. मागं ट्रकमध्ये दिवे आणि ते पॅनेल. पोरांनी गाणं म्हटलं. दादा मोराचा कोट घालून, हात पुढं करून उभी होती.

मॅडमनी हात मिळवला आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाल्या, "अगं, हे काय? ही मुलं शाळेच्या गॅदरिंगला आल्यासारखी दिसतायत. रोजचे कपडे घालायला सांग." मग कॅमेरावाला दुकानात शिरला. त्यानं रेडिओ उचलून बाहेर ठेवला, बॅटरीवर पोतं टाकलं आणि खिडक्यांवर काळं कापड ठोकायला लागला. भर दुपारी तो अंधार तयार करत होता. मॅडमना हवं होतं असं, की दादानं जुनं काहीतरी अंगावर घ्यावं, पोरांना भोवती घेऊन जमिनीवर बसावं आणि मधे एक टेंभा. नंतर सौर दिवा पेटणार आणि सगळ्यांचे चेहरे उजळणार. "आणि तो कोट काढायला सांग," मॅडम म्हणाल्या, "फ्रेममध्ये सोलापूर दिसायला नको."

दुभाषी मी. मी एकेक वाक्य दादाला सांगत गेले. गाळलं काही नाही, गोडही केलं नाही. दादा खिडकीवरच्या काळ्या कापडाकडं बघत होती. मग ती बोलायला लागली आणि मी मॅडमकडं तोंड करून मराठीत सांगायला लागले. इंग्रजीत समोरच्याला एकच शब्द आहे. मराठीत तू आणि तुम्ही दोन. मी तुम्ही म्हणू शकले असते. म्हणाले नाही.

"ती म्हणते, तुझ्याकडं पाहुणे आले की तू फाटकं नेसतेस का? ती म्हणते, हे कपडे आम्ही तुझ्यासाठी शिवले. ती म्हणते, आमच्याकडं वीज बाडो, हे खरंय. पण अंधार आहे असं तुला कुणी सांगितलं? माझ्याकडं बल्ब आहे, त्यावर तुझ्या माणसानं पोतं टाकलं. खिडकी आहे, ती त्यानं बुजवली. अंधार तर तू गाडीत घालून आणलास."

मॅडमचा चेहरा पडला. "तू कुणाशी बोलतेयस?" त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "मी नाही, दादा बोलतेय." मग मी माझंही बोलले, की मॅडम, पोरं दिवसाउजेडी नव्या कपड्यांत दिवे घेताना दाखवली तर काय बिघडतं? त्या म्हणाल्या, "तू लहान आहेस. अंधार दिसला नाही तर लोक उजेडासाठी हात पुढं करत नाहीत." हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला अजून ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. दादानं स्वतःच्या हातानं एका खिडकीवरचं कापड काढलं, नीट घडी घातली आणि कॅमेरावाल्याला परत दिलं. कापड चांगलं होतं, फेकायचं तिच्या जिवावर आलं असणार.

ट्रक उघडलासुद्धा नाही. दिवे आणि पॅनेल घेऊन मॅडम खाली रस्त्यालगतच्या मोठ्या गावात गेल्या. तिथले लोक सहकार्य करणारे होते आणि तिथून संध्याकाळपर्यंत शहरात परतता येत होतं. त्या गावच्या दवाखान्यात वीज आधीपासून होती. पंखेसुद्धा फिरत होते, माझ्यासोबतच्या अकलूजच्या 'काका'नं स्वतः बघितलं. त्या छपरावर ते पॅनेल चढवलं, फीत कापली, फोटो काढले. मला कुणी विचारलं की राग म्हणजे काय, तर मी त्या पंख्यांखाली कापलेली फीत सांगेन.

गावानं दादाला सोडलं नाही. अध्यक्ष दुकानापुढं उभा राहून बोलला की तुझ्या शिवणाच्या नखऱ्यापायी गावाचा दिवा गेला. ज्यांची पोरं पिवळे सदरे घालून फिरत होती तेही मान हलवत होते.  सगळे गेल्यावर दादा मशीनवर बसली. सुईत दोरा नव्हता, तरी पाय मारत होती. मग म्हणाली, "मी चुकले का गं?"

मी म्हटलं, नाही. अगदी ठासून म्हटलं. ती म्हणाली, "तुज्या भनीचं दिस भरल्यालं न्हाईत. तुला न्हाय म्हनायला काय जातंय?" तिनं बाडो म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. निघताना तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. रस्त्याच्या वळणापर्यंत मी मागं बघत होते. ती पाठ करून उभी होती, त्यामुळं मला शेवटपर्यंत मोरच दिसत राहिला. पुढं तिचा फोन आला तो तिच्या बहिणीला मुलगी झाली हे सांगायला. टॉर्चच्याच उजेडात. ती चुकली की नाही हा विषय मी पुन्हा काढला नाही, आणि तिनंही काढला नाही.

थंडीच्या दिवसांत सोलापुरात एका मोठ्या सभागृहात फिल्म दाखवायचा कार्यक्रम झाला. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं, शेजारी आई. तिचा सत्कार होता, विद्यार्थिनीची माता म्हणून. आईनं लग्नातली साडी नेसली होती आणि एवढ्या गार हॉलमध्ये कसं बसायचं म्हणून पदर घट्ट लपेटून घेतला होता. दिवे मालवले. एक भारदस्त आवाज बोलायला लागला की आफ्रिकेच्या या दुर्गम खेड्यात सूर्य मावळला की आयुष्य थांबतं. पडदा काळा झाला. काडी ओढल्याचा आवाज आला. एक ज्योत थरथरत मोठी झाली, त्याभोवती दोन हात, नुसते हात, चिमणीची काच बसवणारे. मागं कुठला तरी ढोल वाजत होता. हॉलमध्ये बायकांनी जिभेनं च् च् केलं.

आई माझ्याकडं झुकली. "आगं," ती हळूच म्हणाली, "ह्ये हात माजं हायती." मला आधी कळेना. आईनं पदरातून हात काढला आणि मनगट माझ्यापुढं धरलं. "ही बग की माजी तुळस." पडद्यावरच्या मनगटावरही तीच तुळस होती.

दादानं अंधार दिला नव्हता. रस्त्यालगतच्या गावात पंखे फिरत होते. फिल्मला तर अंधार पाहिजे होता, मग त्यांनी तो आमच्या घरातून नेला. आईचे हात खुरपून खुरपून रापलेले, काळे. बांगड्या वर सरकवलेल्या. म्हणून ते आफ्रिकेचे हात म्हणून खपून गेले. फ्रेममध्ये सोलापूर दिसायला नको म्हणणाऱ्या बाईंच्या फ्रेममध्ये नुसतं सोलापूर भरलेलं होतं आणि त्या सभागृहात एकालाही ते ओळखता आलं नाही. मला रडू येत होतं, पण रागानं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, माझं नाव पुकारलं. मी आईला हाताला धरून वर नेलं. ती म्हणत होती, "मला कशाला, मला कशाला." मी माइकसमोर तिचं मनगट उचलून धरलं. म्हटलं, "तुम्ही आत्ता बघितले ते हात हे आहेत. ही माझी आई. ती चिमणी आमच्या घरातली. मंद्रूपच्या पलीकडं आमची वस्ती आहे, तिथं संध्याकाळची वीज अजून आलेली नाही. ज्या गावाबद्दल तुम्ही हळहळलात, तिथल्या बाईनं पोरांना नवे कपडे शिवले होते. ते तुम्हाला दाखवलेले नाहीत."

 मॅडम पटकन पुढं आल्या. "ते प्रतीक आहे," त्या म्हणाल्या, "भावना महत्त्वाची. अंधार सगळीकडं सारखाच असतो." तेव्हा मधल्या रांगेतून नवी पेठेतले एक कापडवाले अप्पा उठले. म्हातारे, कपाळावर भस्म, संस्थेला नेहमी मदत करणारे. "बाई," ते म्हणाले, "अंधार सारखाच, तर मंद्रूपला जायला विमान लागत नाही की." लोक हसले. मॅडमही हसल्या, जणू त्यांचीच कुणी तरी गोड चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला की तू संस्थेचं नाव घालवलंस. फिल्म मात्र तशीच राहिली. ती पुढं पुण्यातही दाखवली म्हणे, तुळशीसकट.

मी दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं मशीन थांबवली. मग म्हणाली, "म्हंजी मी अंदार दिला न्हाय, म्हनून तेनी तुज्या आयीचा नेला." मी हो म्हटलं. "अंदार तुमच्याकडं व्हता, आनि दिवे हिकडं आनले." मी हो म्हटलं. "आनि तू समद्यांम्होरं बोललीस?" मी हो म्हटलं. पलीकडं मशीनचा आवाज सुरू झाला. "मग मी चुकले न्हाय," दादा म्हणाली. या वेळी ती विचारत नव्हती. तिचा तो जुना ठसका परत आला होता आणि मला एवढं बरं वाटलं की मी वस्तीवरच्या बांधावर बसूनच हसत होते. मग ती म्हणाली, "दवाखान्यात वीज बाडो. तुमच्याकडं?" मी म्हटलं, बाडो. "बरं. तुज्या आयीला माजा निरोप सांग. बांगड्या खाली घे म्हनावं."

मी आईला निरोप सांगितला. आईच्या मनात अजूनही दादा म्हणजे कुणीतरी वडीलधारा बाप्याच आहे. मी कितीदा सांगितलं तरी ती म्हणते, "भला मानूस दिसतोय." पण निरोप तिनं नीट ऐकून घेतला आणि थोडा वेळ मनगटाकडं बघत बसली.

यंदा वस्तीच्या विजेसाठी मी आणि वस्तीवरच्या बाया मिळून कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागलो. त्याचा कुठं तरी बोभाटा झाला आणि बातमीसाठी एक तरुण पत्रकार कॅमेरा घेऊन संध्याकाळचा आला. मुलगा चांगला होता. त्यानं आईला दारात बसवलं, चिमणी पेटवायला सांगितली आणि विचारलं, "मावशी, तुमच्याकडं वीज नाही ना?"

"न्हाय न्हवं," आई म्हणाली, "बाडो."

त्याला काही समजलं नाही. त्यानं कॅमेरा थांबवला, आईच्या हातांकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, जरा त्या बांगड्या वर घ्या ना, आवाज येतोय."

आईनं काडी ओढली. बांगड्या मनगटावर होत्या, तुळशीच्या वर, तिथंच राहिल्या.

"वाजू द्या की," ती म्हणाली.